दारातला मुलगा आणि सुट्टे पैसे

गेल्या पावसाळ्यातली, एका शनिवारच्या रात्रीची गोष्ट. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ-दहा दिवस झाले होते. स्वयंपाकाच्या बाईंच्या वस्तीत पाणी शिरल्याने त्या आल्या नव्हत्या. खिचडी टाकण्याइतपत स्वयंपाक मला येतो; पण दोन दिवस तीच खिचडी खाल्ल्यावर सौ.नीच सुचवले, "अहो, आज काहीतरी बाहेरून मागवा." मी मागवले. पैसे रोख देणार असेही कळवले. नोकरीची पस्तीस वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, पण वस्तू हातात पडल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत ही सवय अजून सुटलेली नाही.

पाऊण तासाने बेल वाजली. दारात वीस-बावीस वर्षांचा मुलगा. अंगात रेनकोट असूनही निथळत होता. आमच्या इमारतीची लिफ्ट पावसाळ्यात हमखास बंद पडते, म्हणून तो तीन मजले चढून आला होता. बिल होते ३८६ रुपयांचे. माझ्या पाकिटात शंभराच्या तीन, पन्नासाची एक आणि दहाच्या तीन, असे ३८० रुपये होते आणि शिवाय पाचशेची एक नोट. मी पाचशेची नोट पुढे केली.

"सुट्टे नाहीत काका. मागच्या दोघांनीही पाचशेच दिले," तो म्हणाला.

मी आत जाऊन नाण्यांची वाटी पाहिली. ती रिकामी. फोन बंद पडून चार्जिंगला लावलेला. सहा रुपयांसाठी शेजारच्यांची बेल रात्री साडेनऊ वाजता वाजवावी की नाही, या विचारात मी उभा होतो. तो मुलगाच म्हणाला, "असू द्या काका. सहा रुपयांचं काय एवढं!" त्याने ३८० रुपये मोजून घेतले, पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेलासुद्धा.

जेवण झाले. भांडी विसळताना मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या रात्री टिप मी दिली नव्हती. टिप मला मिळाली होती.

कॅश शॉर्ट

बँकेत कॅशच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला एकच शब्द झोपेतही दचकवतो: 'शॉर्ट'. संध्याकाळी रोकड मिळवायला बसावे आणि पुस्तकापेक्षा हातातली रक्कम पन्नास रुपयांनी कमी भरावी. पुन्हा मोजा, पुन्हा बेरीज करा. तरीही कमीच भरली, तर ते पन्नास रुपये कॅशियरच्या खिशातून जातात. उलट रक्कम जास्त भरली तर ती त्याला मिळत नाही. ती 'संड्री' खात्यात जमा होते आणि खरा मालक सापडेपर्यंत तिथेच पडून राहते. हा नियम मी स्वतः सोसला आहे आणि पुढे अधिकारी झाल्यावर दुसऱ्यांना लावलाही आहे.

दारात आलेल्या त्या मुलाचा हिशेब काही वेगळा नाही. रोखीचे बिल कंपनीच्या नोंदीत पूर्ण ३८६ रुपये म्हणून त्याच्या नावावर चढते. हातातली रोकड एका मर्यादेपलीकडे साठली की ती त्याला भरावी लागते, नाहीतर त्याच्या कमाईतून वळती होते. म्हणजे माझ्याकडे सुट्टे नव्हते, याचा भुर्दंड त्याने भरला. एका मुक्कामापुरता तो माझा कॅशियर होता आणि मी त्याला शॉर्टमध्ये टाकले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला सहा रुपये पोहोचवावेत म्हणून मी फोन चाळला. त्याचा नंबर झाकलेला होता. ऑर्डर पूर्ण झाल्यावर आमच्यातले संभाषणही कंपनीने बंद करून टाकले होते. हाच मुलगा पुन्हा आमच्या दारात येण्याची शक्यता लॉटरीइतकीच. मग सकाळी बागेतल्या कट्ट्यावर मी हा विषय काढला.

आमचा कट्टा निवृत्तांचा. एक माजी मुख्याध्यापक म्हणाले, "आम्हाला कुणी टिप दिली होती का हो? पोरं पास करून दिली!" वीज मंडळातून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा मुद्दा अधिक हिशेबी होता. "पदार्थाची किंमत हॉटेलपेक्षा जास्त. त्यावर पॅकिंग, डिलिव्हरी चार्ज, प्लॅटफॉर्म फी आणि वर जीएसटी. एवढं सगळं भरल्यावर पुन्हा टिप का म्हणून?" आणि तिसरे, ज्यांचे पेन्शन तुटपुंजे आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे, ते हळूच म्हणाले, "महिनाअखेरीला माझ्याकडे खरोखर नसतात हो वीस रुपये जास्तीचे. मग मी दार उघडताना मान खाली घालतो."

हे तिसरे वाक्य मला विसरता येईना. वीस रुपयांसाठी एक सभ्य माणूस आपल्याच दारात मान खाली घालतो आणि समोरचा मुलगा त्याच वीस रुपयांची वाट पाहत क्षणभर रेंगाळतो. दोघांचीही यात काही चूक नाही. मग चूक आहे कुणाची?

पोस्त आणि बलुते

कामाच्या मोबदल्यावर चार पैसे जास्त देणे ही काही परदेशातून आलेली चाल नव्हे. दिवाळीची 'पोस्त' आपल्या लहानपणी घरोघर दिली जात असे. पोस्टमन, भंगी, दूधवाला, पेपर टाकणारा पोऱ्या, वॉचमन. प्रत्येकाचा आकडा आईच्या वहीत लिहिलेला असे. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. तिथेही महिन्याचा दर ठरलेला आणि दिवाळीला ग्राहकाकडून एका महिन्याचे जास्तीचे पैसे, असा रिवाज चालत आला.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई. माझ्या आजीला मुंबईच्या गिरणीतून काका पैसे पाठवत. पोस्टमनला चहापाण्याला द्यायची नोट त्याच मनिऑर्डरीतून निघे. पैसे आलेच नाहीत आणि तो नुसते पत्र घेऊन आला, तर आजी ओंजळभर शेंगा त्याच्या पिशवीत घालत असे. पैशांची चणचण होती म्हणून तिने कधी मान खाली घातली नाही, कारण पोस्टमन उद्याही येणार होता, परवाही येणार होता. दिवाळीला उट्टे निघणार होते. शिवाय, आणि हे फार महत्त्वाचे, त्या पोस्टमनला सरकारचा पगार होता. आजीच्या शेंगांवर त्याची चूल पेटत नव्हती.

आजच्या दारात यातले काहीच उरलेले नाही. पूर्वीचे नाते वर्षाचे होते, म्हणून पोस्तही वर्षाची होती. आजचे नाते पाऊण मिनिटाचे आहे. जे काही द्यायचे ते त्या पाऊण मिनिटात, खिशात त्या क्षणी असेल त्यातून द्यायचे. म्हणून सुट्टे पैसे असणे-नसणे ही इतकी मोठी गोष्ट होऊन बसली आहे.

गावगाड्यात आणखी एक रीत होती, बलुत्याची. सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. त्याचे गोडवे गाणारे लोक एक गोष्ट विसरतात. बलुते म्हणायला हक्क होता, पण ते घालणारा हात दुसऱ्याचा होता. तो हात आखडला की काम करूनही पोट रिकामे. याचा सर्वांत दाहक अनुभव महार समाजाने घेतला. सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी करायची आणि मोबदल्यासाठी गावाच्या मर्जीकडे पाहायचे. गावाचा रोष झाला की बलुते बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख करात व्हावे, तो सरकारने साऱ्याबरोबर गोळा करावा आणि कामगाराला गावकऱ्यांच्या दारात उभे राहावे लागू नये, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. काम ज्याचे, पगार त्याने द्यावा, आणि तो ठरलेला असावा.

जातीच्या सक्तीने लादलेली ती चाकरी आणि आजच्या मुलाने स्वतःहून पत्करलेले काम यांची बरोबरी मी करत नाही. ती करणे अन्यायाचे होईल. पण बाबासाहेबांनी उभा केलेला प्रश्न मात्र जसाच्या तसा दारात उभा आहे: मोबदला हा हक्क की मर्जी?

वीस फेऱ्यांत एक

आता थोडे आकड्यांकडे वळू. जुनी सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातल्या 'गिग' कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तवला होता. यात टॅक्सी चालवणारे आले, सामान पोहोचवणारे आले आणि आपल्याकडे जेवण आणणारेही आले. २०२५ च्या नाताळात आणि ३१ डिसेंबरला डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा त्यांच्या कमाईची चर्चा घराघरांत झाली. पाठोपाठ, जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला, झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी आपल्या कंपनीचे आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये टिप सोडून सरासरी कमाई ताशी १०२ रुपये होती. रोज दहा तास आणि महिन्याला २६ दिवस काम केले तर साधारण साडेसव्वीस हजार रुपये होतात. पेट्रोल आणि गाडीची देखभाल वजा जाता सुमारे एकवीस हजार हातात पडतात. हे कंपनीचे आकडे आहेत. संघटना ते मान्य करत नाहीत. पण वादापुरते आपण ते खरे धरू.

त्याच आकड्यांत एक ओळ टिपविषयी होती. झोमॅटोच्या सुमारे पाच टक्के ऑर्डरींवरच टिप मिळते आणि टिपेची सरासरी ताशी २ रुपये ६० पैसे पडते. म्हणजे वीस दारे वाजवावीत तेव्हा कुठे एका दारातून टिप मिळते. दहा तासांचे २६ रुपये. महिन्याचे ६७६. यात दारात हातावर ठेवलेली नोट बहुधा धरलेली नसावी, कारण तिची नोंद कंपनीकडे होतच नाही. तरीही चित्र पुरेसे स्पष्ट आहे. टिप म्हणजे या मुलांच्या कमाईतली चटणी आहे, भाकरी नव्हे.

आता दुसरा आकडा पाहा. जेवण पोहोचवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी २०२३ साली 'प्लॅटफॉर्म फी' या नावाने दर ऑर्डरमागे दोन रुपये घ्यायला सुरुवात केली. २०२५ पर्यंत ती दहा रुपयांच्या पुढे गेली होती. ही रक्कम पदार्थाची नाही, हॉटेलची नाही आणि त्या मुलाचीही नाही. ती कंपनीची. सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरीच्या आकारावर १८ टक्के जीएसटीही लागू झाला. हे सगळे आपण निमूट भरतो, कारण ते बिलात छापून येते. वीज मंडळाचे आमचे गृहस्थ म्हणाले ते खरेच आहे. आपण जास्तीचे पैसे मोजतोच. फक्त ते जिना चढून आलेल्या माणसाला मिळत नाहीत आणि त्याचा राग आपण त्याच्यावरच काढतो.

अमेरिकेतला धडा

टिपेवर चटणीऐवजी भाकरीचीच जबाबदारी टाकली की काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. आमची मुलगी न्यू जर्सीत असताना पहिल्यांदा तिच्याकडे गेलो होतो. पिझ्झा घेऊन आलेल्या माणसाला मी मोठ्या दिलदारपणे एक डॉलर दिला. मुलगी मागच्या मागे जिना उतरून त्याला आणखी तीन डॉलर देऊन आली आणि मला म्हणाली, "बाबा, इथे ती बक्षिशी नसते, तो त्यांचा पगारच असतो."

ती खरे सांगत होती. अमेरिकेच्या संघीय कायद्यात, टिप मिळणाऱ्या नोकरांना मालकाने द्यायचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट इतकेच आहे. उरलेली भर ग्राहकांच्या टिपेतून पडेल असे गृहीत धरलेले आहे. एकदा हे गृहीत धरले की पुढची पायरी दूर नसते. तिथल्या डोअरडॅश या कंपनीने २०१७ ते २०१९ या काळात कामगारांना ऑर्डरमागे ठरावीक रकमेची हमी दिली. पण ग्राहकाने दिलेली टिप त्या हमीतच मोजली. ग्राहकाला वाटे आपण पोऱ्याला पाच डॉलर दिले. प्रत्यक्षात कंपनीचे पाच डॉलर वाचत. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये दुसरा मार्ग धरला. ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्यांना ताशी १७ डॉलर ९६ सेंटचा किमान दर ठरवून दिला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी टिपेचे बटण जेवण पोहोचल्यानंतरच्या पानावर ढकलले आणि टिपा घटल्या. शहर आणि कंपन्या यांच्यातली ओढाताण पुढेही चालू राहिली. पण एक गोष्ट त्या शहराने मान्य केली: भाकरीची जबाबदारी दार उघडणाऱ्याच्या दयेवर सोडता येत नाही.

आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, पण पावले त्या दिशेने पडताना दिसतात. मे २०२५ मध्ये टॅक्सी बोलावतानाच, प्रवास सुरू होण्याआधी 'आगाऊ टिप' सुचवण्याच्या पद्धतीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली. काम होण्याआधी दिलेले पैसे कृतज्ञतेचे कसे असतील? तो लिलाव झाला. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवा आकार लावू नये, या प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. दोन्हींचा अर्थ एकच. टिप ही राजीखुशीची असावी. पण ती राजीखुशीची राहण्यासाठी तिच्याशिवाय माणसाचे भागले पाहिजे.

ते कसे भागावे, याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी एकदा शोधले होते. बाजारातल्या हमालाला एक मालक नसे. सकाळी या पेढीचे पोते, दुपारी त्या पेढीचे. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा, आजारपण कुणी पाहायचे? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरीवर ठरावीक लेव्ही मालकांनी मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराची मजुरी, निधी, औषधपाणी सांभाळायचे. 'हा आमचा नोकरच नाही' ही सबब त्या कायद्याने मोडीत काढली.

आज कंपन्या तीच सबब सांगतात. त्यांच्या भाषेत हा मुलगा 'भागीदार' आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्रथमच या कामगारांना कायद्यात नाव मिळाले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत भरायची. मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले. अपघात, आजारपण आणि म्हातारपण यांची सोय या निधीतून व्हावी अशी अपेक्षा आहे. पण निधी म्हणजे मजुरी नव्हे. फेरीमागचा दर किती असावा, हे आजही कंपनीचे यंत्रच ठरवते. माथाडींचा वारसा सांगणाऱ्या आपल्या राज्याने या बाबतीत मागे राहणे शोभणार नाही.

चणचण असेल तर

हे सारे कायद्याचे झाले. उद्या रात्री बेल वाजेल तेव्हा आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, टिप देणे आणि पैसे नीट चुकते करणे यांत गल्लत करू नये. टिप ऐच्छिक आहे. पूर्ण बिल ऐच्छिक नाही. रोख द्यायचे असतील तर सुट्टे काढून ठेवावेत, जेवण मागवण्यापूर्वीच. सुट्टे नसतील तर पैसे आधी फोनवरून भरावेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या देशात यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात प्रथमच दोन हजार कोटींच्या पुढे गेले. भाजीवालीही आता कोड पुढे करते. पण त्याचाच एक परिणाम असा की घरातली दहा-वीसची नोट दिसेनाशी झाली आहे. पाकिटात उरते ती पाचशेची. ती आपण सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसापुढे धरतो आणि मोड मागतो.

दुसरी गोष्ट, टिप टक्केवारीने मोजू नये. बिल दोनशेचे असो वा दोन हजारांचे, जिना तेवढाच असतो. पाऊस, रात्र, लांबचे अंतर, बंद लिफ्ट, हे मोजावे. दहा रुपये दिले म्हणून कुणी लहान होत नाही. वर जी सरासरी पाहिली, तिच्याशी ताडून पाहिले तर दहा रुपये म्हणजे जवळजवळ चार तासांची टिप होते.

तिसरी गोष्ट खरोखरच हात आखडलेल्यांसाठी. वसतिगृहातली दोन मुले महिनाअखेरीला एक बिर्याणी वाटून खातात; एकटी म्हातारी बाई ताप आला म्हणून पेज मागवते; आमच्या कट्ट्यावरचे ते गृहस्थ. यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. त्या मुलाला पुरेसा मोबदला देण्याची जबाबदारी त्यांची नव्हती आणि नाही. पण 'ॲपमधून देतो हं' असे खोटे मात्र सांगू नये. त्यापेक्षा पत्ता खुणेसकट नीट लिहावा, पहिल्या हाकेला फोन उचलावा, पायऱ्या उतरता येत असतील तर फाटकापर्यंत जावे, पाणी विचारावे आणि नंतर चांगला शेरा द्यायला विसरू नये. या मुलांचे पुढचे काम बऱ्याच अंशी त्या शेऱ्यांवर अवलंबून असते. हॉटेलने मीठ जास्त घातले म्हणून त्याचे तारे कापणे तर सरळ अन्याय आहे. याला काहीच खर्च येत नाही. आजीच्या ओंजळभर शेंगांना तरी खर्च येत होता.

आणि ज्यांना चणचण नाही त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, आपल्याला चणचण असल्याचा आव आणू नये. "अहो, सुट्टेच नाहीत" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा खोटे बोललो असेन याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, हे माझे भाग्य.

सौ. आता चालू-फिरू लागल्या आहेत. दाराजवळच्या फळीवर त्यांनी एक जुना डबा ठेवला आहे. पेन्शन जमा झाली की मी शाखेत जाऊन दहाच्या वीस-पंचवीस नोटा मागून आणतो. खिडकीमागची मुलगी हसते आणि देते. डबा महिनाअखेरीला रिकामा झाला तर आम्ही बाहेरून मागवत नाही, खिचडी टाकतो. महिन्याचा जमाखर्च लिहिताना मी विचारले, "हे कोणत्या सदराखाली घालू? दानधर्म की किरकोळ?" सौ. म्हणाल्या, "दूध, पेपर, बाई यांच्याखाली लिहा. त्यांच्याच रांगेतलं आहे ते."

मी तसेच लिहितो. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र एक नोंद वेगळी आहे. संड्री, रुपये सहा, देणे. तिच्यापुढे नाव घालायची जागा अजून मोकळीच आहे.